जागे कोणी राहायचे?

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी पिंपळनेर वसले आहे. पांझरा, मोसम, आराम या नद्यांच्या खोऱ्यांत पाटपाण्याची एक जुनी रीत आहे. तिला फड पद्धत म्हणतात आणि तिचे वय तीनशे ते चारशे वर्षे मानले जाते. नदीवर बंधारा घालायचा, कालव्याने पाणी काढायचे, चाऱ्यांमधून ते फडात आणायचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. या पद्धतीत पाण्याच्या पाळीसाठी प्रत्येक शेतकऱ्याला बांधावर रात्र काढावी लागत नसे. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या आणि देखरेखीला हवालदार असे. एक पाटकरी जागा असला म्हणजे बाकीच्यांना निवांत झोपता येई.

साठा मर्यादित आहे, वाटेकरी अनेक आहेत आणि कोणीतरी जागे राहणे तर भाग आहे. अशा वेळी जागरणाची वाटणी कशी करायची? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या क्षेत्रातील संशोधकांपुढे उभा राहिला. ते क्षेत्र म्हणजे बिनतारी संवेदकांची जाळी. येथे साठा पाण्याचा नसून बॅटरीतील ऊर्जेचा असतो. ज्यांनी ही जाळी घडवली त्यांच्या कानावर फड पद्धत बहुधा गेलीही नसेल. पण त्यांना जी उत्तरे शोधावी लागली, ती खानदेशातील विद्यार्थ्याला चटकन ओळखीची वाटतील. या उत्तरांचा इतिहास आपण पाहू.

संवेदकाच्या डबीत काय असते?

काडेपेटीएवढ्या किंवा साबणाच्या वडीएवढ्या डबीची कल्पना करा. तिच्यात चार वस्तू असतात. तापमान, आर्द्रता, मातीतील ओल असे काहीतरी मोजणारा संवेदक, मोजलेल्या आकड्यांवर विचार करणारा लहानसा संगणक, ते आकडे पुढे पाठवणारा रेडिओ आणि या तिघांना पोसणारे दोन पेन्सिल सेल. अशा अनेक डब्या शेतात, जंगलात किंवा पुलावर ठेवल्या की त्या एकमेकींशी बोलू लागतात. एकीचा निरोप दुसरी, दुसरीचा तिसरी असे करत माहिती एका मोठ्या केंद्र-डबीपर्यंत पोचते आणि तेथून फोनच्या जाळ्यातून ती दूरवर जाते.

तार नसल्यामुळे डबी कोठेही ठेवता येते. पण तार नाही म्हणजे वीजही नाही. घरातील रिमोटचे सेल संपले तर आपण ते बदलतो. शंभर एकरांत विखुरलेल्या दोनशे डब्यांचे सेल दर आठवड्याला बदलायला माणूस ठेवावा लागला, तर त्या माणसाच्याच हाती तापमापक देणे स्वस्त पडेल. म्हणून अशा जाळ्याचे यश एकाच गोष्टीवर ठरते. दोन सेलांवर डबी किती दिवस काम करते?

साक्री तालुक्यातील विद्यार्थी येथे हमखास विचारील की, डबीला सौर पट्टी का लावत नाही? त्याच्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे सूर्यप्रकाशापासून वीज करणारे मोठे केंद्र आहे. प्रश्न रास्त आहे, आणि केंद्र-डबीला अशी पट्टी लावतातही. पण वेलींच्या मांडवाखाली सावली असते, पट्टीवर धूळ बसते, पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडत नाही, आणि पट्टीबरोबर येणारी पुन्हा भारता येणारी बॅटरी काही वर्षांत म्हातारी होते. शिवाय दोनशे पट्ट्यांचा खर्च आणि चोरीची धास्ती वेगळीच. मिळकत वाढवता आली तरी खर्च आवरावाच लागतो.

धुळीचे स्वप्न आणि पहिला धक्का

विखुरलेल्या संवेदकांचे जाळे करण्याचा विचार अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने १९७८ च्या सुमारास सुरू केला होता. पण तेव्हाची यंत्रे ट्रकमधून न्यावी लागण्याइतकी अवजड होती. १९९० नंतर चिप लहान आणि स्वस्त झाल्या. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या क्रिस पिस्टर यांनी दशकाच्या अखेरीस ‘चतुर धूलिकण’ असे नाव देऊन एक योजना मांडली. काही घन मिलिमीटर आकाराचे, स्वतः मोजणारे आणि बोलणारे कण तयार करायचे, असे ते स्वप्न होते. तो आकार लगेच साधला नाही, पण त्या प्रयत्नातून हातात मावणाऱ्या डब्या बनल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोचल्या.

लगेचच एक गोष्ट ध्यानात आली. डबीतील ऊर्जा विचार करण्यात फारशी जात नाही, ती जाते बोलण्यात. ग्रेगरी पॉटी आणि विल्यम कायझर यांनी २००० साली हिशेब मांडून दाखवले की, शंभर मीटरवर हजार बिट पाठवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात संगणक लाखो सूचना पार पाडू शकतो. तेव्हा दहा आकडे पाठवण्यापेक्षा डबीनेच त्यांची सरासरी काढून एकच आकडा पाठवावा, हा पहिला धडा मिळाला.

दुसरा धडा मात्र कोणाच्याही सहजबुद्धीला चकवणारा होता. आपल्याला वाटते की बोलायला कष्ट पडतात, ऐकणे फुकट असते. पण रेडिओला ऐकण्यासाठी आपली सगळी मंडले चालू ठेवावी लागतात. स्टेम आणि कॅट्झ यांनी १९९७ साली एका रेडिओवर मोजमाप केले. कोणीही बोलत नसताना नुसते कान देऊन बसणे, निरोप घेणे आणि निरोप पाठवणे या तिन्हींच्या खर्चाचे गुणोत्तर १ : १.०५ : १.४ असे आले. म्हणजे काहीच घडत नसताना वाट पाहत बसलेली डबी, बोलणाऱ्या डबीच्या सुमारे सत्तर टक्के खर्च करत असते. पुढच्या काळातील लघुपल्ल्याच्या काही रेडिओंमध्ये तर ऐकण्याचा खर्च बोलण्याहून थोडा अधिकच निघाला. त्या काळच्या एका लोकप्रिय रेडिओ-चिपला बोलताना सुमारे १७ मिलिअँपिअर आणि ऐकताना सुमारे १९ मिलिअँपिअर प्रवाह लागे.

आता वर्गात करण्याजोगा एक हिशेब पाहा. पेन्सिल सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास धरू. डबी सतत कान देऊन बसली आणि तिला एकूण २० मिलिअँपिअर लागले, तर सेल १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत संपतील. तीच डबी शंभर सेकंदांतून एकच सेकंद जागी राहिली आणि उरलेला वेळ ५ मायक्रोअँपिअरवर झोपली, तर सरासरी प्रवाह ०.२०५ मिलिअँपिअर होतो आणि तेच सेल सुमारे ४०० दिवस पुरतात. चिप, सेल, संवेदक काहीही न बदलता, केवळ झोपेमुळे चार दिवसांचे तेरा महिने झाले.

पाळीपाळीने पुढारी

झोपायचे तर आहे, पण सगळ्याच डब्या झोपल्या तर निरोप घेणार कोण? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील वेंडी हाइन्झलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी २००० साली याचे एक सुरेख उत्तर सुचवले. ते ‘लीच’ या नावाने ओळखले जाते. डब्यांचे लहान लहान गट करायचे. प्रत्येक गटाला एक पुढारी डबी. बाकीच्या आपल्या पाळीपुरत्या उठतात, जवळच्या पुढाऱ्याला आकडा सांगतात आणि पुन्हा झोपतात. पुढारी सर्वांचे आकडे गोळा करून, त्यांचा सारांश करून केंद्राकडे पाठवतो.

पण पुढाऱ्याला सतत जागे राहावे लागते, लांबवर बोलावे लागते. एकाच डबीला कायमचे पुढारी केले तर ती सर्वांत आधी मरेल आणि तिच्याबरोबर गटही मुका होईल. म्हणून पुढारीपण फिरते ठेवले. एका वेळी शंभरातल्या सुमारे पाच डब्या पुढारी असाव्यात असे ठरवले, तर वीस फेऱ्यांत प्रत्येकीची एकदा पाळी येते. पाळी होऊन गेलेली डबी इतर सर्वांची पाळी होईपर्यंत पुन्हा उभी राहत नाही. हे ठरवायला वर कोणी अधिकारी लागत नाही. प्रत्येक डबी यदृच्छ आकडा काढून आपले आपण ठरवते.

याच संशोधकांनी वापरलेल्या ऊर्जेच्या साध्या सूत्रावरून नववी-दहावीच्या मुलांनाही एक मजेदार उदाहरण करता येईल. एक बिट पाठवताना रेडिओच्या मंडलांना ५० नॅनोज्यूल लागतात. शिवाय अंतराच्या वर्गाला ०.१ ने गुणून जो आकडा येईल तेवढे नॅनोज्यूल हवेत सोडावे लागतात. एक बिट ऐकायला ५० नॅनोज्यूल लागतात. (नॅनोज्यूल म्हणजे ज्यूलचा शंभर कोटीवा भाग.)

आता केंद्र १०० मीटर दूर आहे. थेट बोलल्यास एका बिटाला ५० + १००० = १०५० नॅनोज्यूल. मधोमध एक डबी ठेवून निरोप तिच्या हाती दिला, तर ५० मीटरच्या प्रत्येक टप्प्याला ५० + २५० = ३०० नॅनोज्यूल. दोन टप्प्यांचे ६०० आणि मधल्या डबीने ऐकण्याचे ५०, एकूण ६५०. म्हणजे मध्यस्थ फायद्याचा ठरला. पण केंद्र ३० मीटरवर असेल तर? थेट बोलण्याचे १४०, मध्यस्थामार्फत १९५. येथे मध्यस्थ तोट्याचा! दोन्ही खर्च समान होतात ते अंतर विद्यार्थ्यांना काढू द्यावे; ते सुमारे ४५ मीटर येते.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि चाणाक्ष विद्यार्थी ती पकडील. मधली डबी निरोप येईल त्याच क्षणी जागी आहे असे आपण मानले. ती वाट पाहत बसली असेल, तर त्या जागरणाचा खर्च कोणाच्या खाती मांडायचा?

ठरलेली वेळ की दारावरची थाप?

या प्रश्नावर दोन घराणी निर्माण झाली. पहिले घराणे वेळापत्रकाचे. वेई ये, जॉन हाइडमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी २००२ साली मांडलेली ‘एस-मॅक’ ही पद्धत त्याचा नमुना आहे. ऊर्जा चार वाटांनी वाया जाते, असे त्यांनी सांगितले. दोघे एकदम बोलल्याने निरोप बिघडणे, दुसऱ्याचा निरोप विनाकारण ऐकणे, कामाच्या निरोपापेक्षा व्यवस्थेचेच निरोप जास्त होणे आणि कोणी बोलत नसताना कान देऊन बसणे. शेजारच्या डब्यांनी उठण्याची एकच वेळ ठरवावी, त्या वेळी बोलावे, मग सर्वांनी झोपावे, असा त्यांचा तोडगा होता. अडचण घड्याळांची. दहा लाखांत चाळीस भाग इतकीच चूक असलेले घड्याळही दिवसाकाठी साडेतीन सेकंद मागेपुढे होते. म्हणून डब्यांना आपली घड्याळे वारंवार जुळवून घ्यावी लागतात, आणि त्यालाही ऊर्जा लागते.

दुसरे घराणे दारावर थाप मारणाऱ्यांचे. जोसेफ पोलास्त्रे, जेसन हिल आणि डेव्हिड कलर यांनी २००४ साली ‘बी-मॅक’ ही पद्धत मांडली. येथे वेळापत्रक नाही. प्रत्येक डबी, समजा, सेकंदातून एकदा काही हजारांश सेकंदांपुरता कान उघडते. शांतता असेल तर पुन्हा झोपते. ज्याला बोलायचे आहे त्याने निरोपाआधी पूर्ण सेकंदभर नुसती हाळी देत राहायचे, म्हणजे समोरच्याचा कान त्या अवधीत कधीतरी उघडेलच. यात ऐकणाऱ्याचा खर्च उचलून बोलणाऱ्याच्या माथी मारला आहे. शेतातील डबी दहा मिनिटांतून एकदा बोलते आणि उरलेला सगळा वेळ ऐकते, म्हणून हा सौदा परवडतो. जेथे बोलणे सतत चालते तेथे तो परवडत नाही. एकच पद्धत सर्वत्र चांगली, असे येथे म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेतून रानात

कागदावरचे वर्षभराचे आयुष्य रानात टिकते का? २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मेन राज्याजवळील ग्रेट डक बेटावर ३२ डब्या ठेवण्यात आल्या. वादळपाखरू जातीचे पक्षी तेथे बिळांत अंडी घालतात. माणूस वारंवार गेला तर ते घरटे सोडून देतात, म्हणून बिळातील तापमान दुरून मोजायचे होते. नऊ महिने टिकाव धरण्याचे उद्दिष्ट होते. समुद्रावरच्या दमट हवेने काही डब्या आधीच निकामी केल्या. ऊर्जेचा हिशेब बरोबर असूनही डबी मरू शकते, हे तेथे कळले.

याहून कठोर धडा हॉलंडमधील बटाट्याच्या शेताने दिला. बटाट्यावरचा करपा पाने ओली राहिली की पसरतो. ओलाव्याची वेळ नेमकी कळली तर औषधाच्या अनावश्यक फवारण्या टळतील, या हेतूने २००५ साली शंभराहून अधिक डब्यांचे जाळे उभारण्यात आले. झोपेची पद्धत त्यात होतीच. पण वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेले आज्ञावलींचे तुकडे एकमेकांशी जुळेनात. हंगामाअखेर अपेक्षित माहितीपैकी अवघी दोन टक्के हाती आली. संशोधकांनी हे अपयश न लपवता सविस्तर प्रसिद्ध केले, आणि आजही नव्या संशोधकाला तो लेख आवर्जून वाचायला सांगतात.

आपल्याकडे हेच प्रश्न नाशिकच्या द्राक्षमळ्यात आले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील उदय देसाई, शब्बीर मर्चंट, नरेंद्र शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅग्रिसेन्स’ नावाने नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात संवेदकांचे जाळे उभारले. हवेचे तापमान, आर्द्रता, मातीतील ओल आणि पानांवरचा ओलावा मोजून केंद्र-डबीमार्फत पवईला पाठवायचा, अशी ती रचना होती. त्यावरून दोन गोष्टी काढायच्या होत्या. वेलीतून आणि मातीतून किती पाणी उडून जाते, आणि शेतकरी ज्याला डाउनी म्हणतात तो केवडा रोग येण्याची शक्यता किती. करपा आणि केवडा हे दोन्ही रोग एकाच गटातील सूक्ष्मजीवांमुळे होतात आणि दोघांनाही पानावर पाणी लागते. त्यामुळे हॉलंडच्या शेतकऱ्याचा आणि नाशिकच्या बागायतदाराचा प्रश्न मुळात एकच होता. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील चेन्नकेशवपुरा येथे त्याच सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्विस संशोधकांबरोबर कोरडवाहू, अल्पभूधारक शेतीसाठी असेच जाळे उभारून पाहिले. पैसा आणि वीज दोन्ही तुटपुंजी असलेल्या ठिकाणी हे तंत्र उपयोगी पडते का, हा तेथला प्रश्न होता.

झोपेची सर्वांत नेटकी युक्ती मात्र शेतात नव्हे, रेल्वेच्या पुलावर सुचली. पुलाची कंपने गाडी जाताना मोजायची असतात. एरवी मोजण्यासारखे काही नसते. कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ब्रायमॉन’ या रचनेत गाडीवरच एक रेडिओ बसवला होता. गाडी दुरून येताना त्याचे संकेत पुलाजवळची डबी टिपते, बाकीच्यांना उठवते, आणि गाडी गेली की सगळ्या झोपतात. एवढेच काय, गोळा झालेली माहिती गोळा करून नेण्याचे कामही पुढच्या गाडीकडेच सोपवले होते.

आधी कोण मरतो?

जाळ्याचे आयुष्य किती, असे विचारले तर प्रतिप्रश्न करावा लागतो. पहिली डबी मरेपर्यंतचे, निम्म्या मरेपर्यंतचे की शेवटची मरेपर्यंतचे? कालव्याच्या पाण्यात शेपटाकडचा शेतकरी तहानलेला राहतो, हे आपण जाणतो. संवेदकांच्या जाळ्यात नेमके उलटे घडते. केंद्राजवळच्या डब्यांना स्वतःचे निरोप थोडे आणि इतरांचे पोचवायचे फार, म्हणून त्या सर्वांत आधी संपतात. मग मागच्या डब्यांचे सेल भरलेले असूनही त्यांचा आवाज केंद्राला ऐकू येत नाही. एकूण ऊर्जा वाचली, पण जाळे मेले. म्हणून आजचे संशोधक बेरजेपेक्षा वाटणीकडे जास्त लक्ष देतात. पुढारीपण फिरते ठेवणे, केंद्राजवळ जास्त डब्या लावणे, वाटा बदलत राहणे ही सगळी न्याय्य वाटणीचीच साधने आहेत.

दुसरा पेच याहून नाजूक आहे. ऊर्जा वाचवण्यासाठी डबीला सांगता येते की, काही बदल झाला तरच बोल. समजा, रात्री नऊ वाजता ‘पान कोरडे’ असा निरोप आला आणि मग पहाटेपर्यंत शांतता. या शांततेचा अर्थ काय? पान रात्रभर कोरडे राहिले, की दहा वाजता सेल संपले आणि त्यानंतर दव पडले? बागायतदाराने फवारणी टाळली आणि दुसरा अर्थ खरा निघाला, तर हंगाम हातचा जातो. म्हणून काहीही घडले नसले तरी ठरावीक वेळाने ‘मी आहे’ एवढा निरोप देण्याचा खर्च सोसावाच लागतो. जागल्याची रात्रीची आरोळी चोराला भिववण्यासाठी असते, तशीच राखण चालू आहे हे गावाला कळावे यासाठीही असते. किती वेळाने आरोळी द्यायची, हे केवळ बॅटरीकडे पाहून ठरवता येत नाही. चुकलेल्या एका रात्रीची किंमत शेतकऱ्याला किती पडते, हे आधी विचारावे लागते.

आजचे चित्र

२०१५ साली ‘लोरावॅन’ नावाची पद्धत प्रमाणित झाली. तिचा रेडिओ फार सावकाश बोलतो, पण उघड्या माळावर त्याचा आवाज काही किलोमीटर जातो. त्यामुळे मधल्या डब्यांची साखळी बहुधा लागत नाही. साधी डबी बोलून झाल्यावर दोन लहान क्षणांपुरता कान उघडते आणि झोपते. सतत जागे राहण्याचे काम विजेवर चालणाऱ्या केंद्राकडे असते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याशिवाय वापरता येतो. पंचवीस वर्षांच्या खटाटोपानंतर एक पाटकरी जागा आणि बाकीचे निवांत, या मांडणीकडेच तंत्रज्ञान बऱ्याच अंशी वळले आहे. साखळीची जाळीही संपलेली नाहीत. डोंगराच्या आड, बोगद्यात, कारखान्यात ती अजून लागतात.

शिक्षकांसाठी एक सूचना. वर्गातील वीस मुले मैदानात दोन-दोन पावलांवर उभी करा. प्रत्येकाला तीस खडे द्या. निरोप सांगितला की दोन खडे द्यायचे, ऐकला की दोन, आणि डोळे उघडे ठेवून नुसते उभे राहिले तर दर मिनिटाला एक. निरोप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात राहिला पाहिजे. कोणी कधी झोपायचे याचे नियम मुलांनाच करू द्या. खडे कोणाचे आधी संपतात आणि ते त्यांना न्याय्य वाटते का, हे मुलांनी एकमेकांना विचारावे.